अस्वलांच्या फिल्मचं शेवटचं वाक्य

आमच्या घरात तीस वर्षं एकच धंदा चालला. परदेशातून प्राण्यांच्या फिल्म यायच्या, मी त्यांचं निवेदन मराठीत लिहायचे आणि साईनाथ, म्हणजे माझा नवरा, ते बोलायचा. देवमासे झाले, पेंग्विन झाले, सिंह तर इतक्या वेळा झाले की सिंहीण हरणामागे धावली की पुढचं वाक्य मी स्वयंपाकघरातून न बघता सांगायचे. लोकांना साईनाथचा चेहरा माहीत नव्हता, आवाज माहीत होता. रिक्षात बसून त्याने पत्ता सांगितला की रिक्षावाला आरशातून मागे बघायचा आणि विचारायचा, "साहेब, तुम्ही ते वाघवाले का हो?" साईनाथ दिवसभर खूष असायचा. वाघवाल्याला वाक्यं कोण लिहून देतं हे कुठल्याच रिक्षावाल्याने विचारलं नाही, पण ते असो.

दिवाळीनंतर अस्वलांची फिल्म आली. अलास्कातली नदी, समुद्रातून उलट्या धारेने चढत येणारे सॅमन मासे आणि धबधब्याच्या काठावर तोंड उघडून उभी असलेली तपकिरी अस्वलं. हिवाळाभर गुहेत उपाशी झोपायचं तर अंगावर चरबी हवी, म्हणून मासे येतात तेवढ्या दिवसांत ती खाऊन घेतात. मासे मुबलक असले की अख्खा मासासुद्धा खात नाहीत. कातडी, मेंदू, अंडी, जिथे चरबी असेल तेवढं खायचं, बाकीचा टाकायचा आणि पुढचा पकडायचा.

"लग्नातले पाहुणे," साईनाथ म्हणाला. "श्रीखंड वाटीभर, भाताला हात नाही."

हे म्हणताना त्याचा आवाज घोगरा होता. थंडीने बसला असेल म्हणून आम्ही हळद-दूध केलं, गुळण्या केल्या. मग घास अडकायला लागला. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं की स्वरयंत्रात कर्करोगाची गाठ आहे, अख्खं स्वरयंत्र काढावं लागेल.

"म्हणजे आवाज?" मी विचारलं.

"जीव वाचेल," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनची तारीख मिळाली. ही फिल्म दुसऱ्या कुणीतरी करावी, असं मी म्हटलं. साईनाथ ऐकेना. तो मूळचा यवतमाळचा. माइकसमोर त्याची भाषा धुतल्यासारखी स्वच्छ, पण घरात, आणि विशेषतः भांडताना, वऱ्हाडी परत यायची.

"जाणारच आहे ना आवाज? मंग एक काम पुरतं करून जाऊ दे त्याले," तो म्हणाला.

स्टुडिओ सदाशिव पेठेत, एका तळघरात. रेकॉर्डिंगला बुद्धभूषण, आमच्याबरोबर कितीतरी फिल्म केलेला. काचेच्या आत साईनाथ, बाहेर आम्ही दोघं. प्रत्येक वाक्य झालं की साईनाथ भुवया उंचावून माझ्याकडे बघायचा. पसंत पडलं तर मी अंगठा वर करायचे, नाही तर हवेत बोट फिरवायचे, म्हणजे पुन्हा. मी बोट फार फिरवते अशी त्याची कायमची तक्रार होती.

या वेळी मात्र मी अंगठाच दाखवत होते. त्याचा श्वास वाक्याच्या मध्येच संपत होता. कुठे संपतो ते मी बघून ठेवायचे आणि घरी येऊन दुसऱ्या दिवसाची वाक्यं तेवढ्यात बसवायचे. एरवी आम्ही शब्द चित्रावर बसवतो. अस्वलाने जबडा मिटला की आपलंही वाक्य मिटायला हवं. आता चित्र राहिलं बाजूला. दोन वाक्यांमध्ये त्याला दम घेता यावा म्हणून मी जागा सोडत गेले. अस्वल थांबतं. पाणी बघतं. मासा उसळतो.

पडद्यावरचं अस्वल रोज जाडजूड होत होतं आणि साईनाथचे शर्ट खांद्यावरून उतरत होते. मी मंडईतून बघूनबघून लाल भोपळा आणायचे, शिजवून, गाळून, तूप सोडून द्यायचे. चार चमचे गेले की तो वाटी सरकवायचा. मला त्या अस्वलांचा राग यायचा. इतका चांगला मासा अर्धा खाऊन फेकून देतात, आणि माझ्या माणसाला पातळ भोपळा गिळवत नाही.

एक दिवस तो मध्येच थांबला. मूळ इंग्रजी निवेदन त्याच्या हेडफोनमध्ये चालू असायचं.

"माला, इथे एक वाक्य कमी आहे."

"नाही."

"आहे. सॅमन नदीत शिरला की खाणं सोडतो, असं तो म्हणतोय. आपल्याकडे कुठे गेलं?"

"वेळेत बसत नव्हतं."

"बसतंय की. बोलून दाखवू?"

बुद्धभूषण मान खाली घालून बटणं पुसत बसला. मी कागदाच्या कडेला वाक्य लिहिलं आणि आत नेऊन दिलं. साईनाथने ते पहिल्याच झटक्यात म्हटलं. "एकदा नदीत शिरल्यावर सॅमन काहीही खात नाही. अंगात साठवलेल्या बळावर तो वर चढत राहतो." त्या महिन्यातलं सगळ्यात सुंदर वाक्य तेच झालं. त्याने भुवया उंचावल्या. मी अंगठा वर केला आणि जिन्यात जाऊन रडले. ते वाक्य मी मुद्दाम गाळलं होतं, आणि मी मुद्दाम गाळलं हे त्याला माहीत होतं.

घरी आल्यावर त्याने हातातली वाटी खाली ठेवली.

"ही अस्वलं घरी तार करून राह्यली का? काहून इतकी तोडकी वाक्यं?"

"चित्र भराभर पळतंय."

"चित्र तर धिमं आहे. तू माझा दम मोजून राह्यली." त्याने वाटी आणखी लांब सरकवली. "मले एक लांब वाक्य दे, माला. शेवटचं. पह्यले द्यायची तसं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नाही जमलं."

मला त्याचा संताप आला. एवढं सगळं सांभाळून आणलं होतं, आता शेवटी तोंडघशी पडायची हौस कशाला? पण मी लिहायला बसले. तीस वर्षं त्याच्या आवाजासाठी लिहीत आले होते. तो आवाज डोक्यात धरून, कशाचीही काटछाट न करता लिहिलं:

"पोट भरलं की अस्वल डोंगराकडे निघतं आणि त्याने अर्धा टाकलेला मासा मागे राहतो, तो पाखरं खातात, कोल्हे खातात, उरलेला मातीत जातो, मातीतून झाडांत चढतो, आणि बर्फ वितळून नदी पुन्हा वाहू लागते तेव्हा त्याच झाडांच्या सावलीत माशांची नवी पिल्लं पोहायला लागतात."

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही ते घ्यायला गेलो. पहिल्यांदा खोकला आला. दुसऱ्यांदा तो कोल्ह्यांपर्यंत पोचला. तिसऱ्यांदा "मातीत जातो" म्हणाला आणि आवाज तुटला.

बुद्धभूषणने माइकचं बटण दाबलं. "सर, तुकड्या-तुकड्यांनी घेऊ या. मी जोडतो. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," साईनाथ म्हणाला.

त्याने आणखी एकदा तोंड उघडलं. फक्त हवा आली. मग त्याने हेडफोन खुंटीला लावला, वायर गुंडाळली, कागदावरचा दिवा मालवला आणि बाहेर आला. रोज तो हे असंच करायचा. रिक्षात पत्ता मी सांगितला. रिक्षावाल्याने आरशात बघितलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला एक भोक राहिलं, श्वास आता तिथूनच आत जातो आणि तिथूनच बाहेर येतो. नाक-तोंडाशी त्याचा संबंध उरला नाही. फिल्मला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आवाज हवा, असं कंपनीने कळवलं आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. केदार नावाच्या तरुण निवेदकाने सगळी फिल्म नव्याने बोलली. त्याआधी तो घरी येऊन साईनाथच्या पाया पडून गेला. साईनाथने पाटीवर लिहिलं, "शेवटी घाई करू नकोस." केदारने वाचले ते कागद माझेच होते, साईनाथच्या दमाला बेतलेले, आणि ते बदलण्याचं त्राण माझ्यात नव्हतं.

फिल्म लागली त्या संध्याकाळी आम्ही दोघंच बसलो. केदारचा आवाज छान आहे, भरदार आहे. पण त्याची वाक्यं लवकर संपत होती. अस्वल थांबतं. पाणी बघतं. मासा उसळतो. प्रत्येक वाक्यानंतर जागा रिकामी राहत होती, त्यात नुसतं पाणी वाहत होतं. बघणाऱ्यांना वाटलं असेल की काय संयमी निवेदन आहे. मी सोफ्यावर ताठ बसून होते, कारण त्या प्रत्येक जागेत माझ्या शेजारून, गळ्याच्या त्या भोकातून, साईनाथचा श्वास ऐकू येत होता. ज्या श्वासासाठी ती जागा सोडली होती तो तिथे वेळेवर पोचत होता.

शेवटचा प्रसंग आला. अस्वल नदीतून बाहेर पडलं. साईनाथने रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

मग त्याचे ओठ हलायला लागले. पोट भरलं की अस्वल डोंगराकडे निघतं. मला ते वाक्य पाठ होतं, म्हणून एकेक शब्द दिसत होता. पाखरं खातात. कोल्हे खातात. उरलेला मातीत जातो. स्टुडिओत आवाज इथेच तुटला होता. पण तो थांबला नाही. मातीतून झाडांत चढला, बर्फ वितळलं, नदी वाहिली, पिल्लं पोहायला लागली. सगळं एका दमात झालं. बोलायला आता दम लागतच नव्हता.

त्याने माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या.

अंगठा वर करायला हवा होता. इतकं बिनचूक त्याने कधीच म्हटलं नव्हतं. पण अंगठा दाखवला की काम संपतं, आणि मग साईनाथ हेडफोन काढतो, वायर गुंडाळतो, दिवा मालवतो. मी हवेत बोट फिरवलं.

त्याने नेहमीसारखी वैतागून मान हलवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.