सात नंबरच्या टाकीची ओळ

हाल्वोर झोपला नव्हता, हे फक्त मला माहीत होतं. तरी अकरा दिवस मी तोंड उघडलं नाही.

आमच्याकडे सॅमन माशांची पिल्लं वाढवतात. खाडीच्या काठाला पत्र्याच्या छपराखाली बारा टाक्या आहेत. टाकीतला प्राणवायू कमी झाला की तिथलं यंत्र ऑफिसातल्या अलार्मच्या पेटीला निरोप धाडतं आणि पेटी ड्यूटीवरच्या माणसाचा फोन वाजवते. हा निरोप मधल्या नेटवर्क स्विचमधून जातो. कोणतं यंत्र कोणाशी बोलू शकतं याची यादी स्विचवर असते, आणि ती यादी सांभाळायचा पगार मी घेतो.

यादी वरून खाली वाचली जाते. लागू पडणारी पहिली ओळ सापडली की तिथंच निकाल, पुढचं कोणी वाचत नाही. तळाशी न लिहिलेली एक ओळ कायम असते: बाकी सगळ्यांना बंदी.

फेब्रुवारीत नवे कॅमेरे आले आणि स्विचनं जागा नाही म्हणून हात वर केले. नऊ वर्षांत यादी दोनशे चाळीस ओळींची झाली होती. माझ्या आधीच्या दोघांनी मनाला येईल तशा ओळी वाढवल्या होत्या. मी तीन दिवस बसलो. सारख्या ओळी एकत्र केल्या, जास्त लागणाऱ्या वर घेतल्या. प्रत्येक ओळ किती वेळा वापरली गेली याचा आकडा स्विच ठेवतो. जिथं शून्य दिसलं ती ओळ काढून टाकली. एकतीस ओळी उरल्या. आमची मुख्य गुन्वोर शुक्रवारच्या वाफल्सच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाली, "शेटिलनं माळा साफ केलाय, तुम्ही निदान आपापले कप तरी धुवा." मला फार बरं वाटलं होतं.

काढलेल्या ओळींत एक होती टाक्यांपासून अलार्मच्या पेटीपर्यंतची. कशासाठी आहे हे तिच्या शेजारी कोणी लिहिलं नव्हतं. स्विच दोनच आठवड्यांपूर्वी बंद करून चालू केला होता, त्यामुळे सगळे आकडे पुन्हा शून्यापासून सुरू झाले होते. हे मला त्या वेळी आठवलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे आठवलं होतं. मी कंटाळा केला.

महिन्याभरानं एका रविवारी दुपारी सात नंबरच्या टाकीचा प्राणवायूचा व्हॉल्व्ह अडकला. ड्यूटी हाल्वोरची होती आणि तो घरी होता, बायको विगदिसबरोबर. सोमवारी सकाळी सगळ्यांत आधी आला तोही तोच. तीस हजार पिल्लं पांढरी पोटं वर करून तरंगत होती. मी पोहोचलो तेव्हा तो जाळ्यानं ती उपसून पिपात टाकत होता.

"फोन का नाही उचललास?" गुन्वोरनं विचारलं.

"वाजलाच नाही."

हाल्वोरची जेवणानंतरची डुलकी हा आमच्याकडचा जुना विनोद. जेवणघरातल्या सोफ्यालाच त्याचं नाव पडलं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "मटण-बटाटे खाल्ल्यावर चर्चची घंटासुद्धा ऐकू येत नाही याला."

त्यानं फोन पुढे केला. चुकलेला कॉल एकही नव्हता.

"पुसायला कितीसा वेळ लागतो," तोच आवाज म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

मी माझ्या खोलीत पळालो. जुनी यादी काढली, ती ओळ शोधली आणि परत घातली. दोन मिनिटं लागली. आधी उरलेल्या अकरा टाक्या वाचवू, मग सांगू, असं मनात होतं. परत आलो तर गुन्वोर म्हणत होती, "आता इथंच तपासून बघू." त्यांनी सात नंबरचं यंत्र पाण्याबाहेर काढलं, पाणी सुटलं की तेही तोच निरोप धाडतं, आणि हाल्वोरचा फोन त्याच्याच हातात, आठ माणसांसमोर, वाजायला लागला.

 गुन्वोर हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे रविवारीही वाजला असणार."

बोलायची वेळ तीच होती. मी माझ्या रबरी बुटांकडे बघत उभा राहिलो. माझ्याच हातानं मी त्याला खोटं पाडलं होतं. अलार्मच्या पेटीची नोंद तपासायचं कामही माझ्याकडेच आलं आणि मी 'बघतो' म्हणालो.

सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर हाल्वोरचं नाव ड्यूटीच्या तक्त्यावरून काढलं. तो डबा गाडीत बसून खायला लागला. मी खिडकीतून बघायचो. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस ढकलले. मला माझी लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती जास्त होती.

अकराव्या दिवशी तो माझ्या दारात आला. टोपी हातात.

"तुला वेळ आहे का रे?"

"बस ना."

तो बसला नाही. "मी उद्या गुन्वोरला सांगून टाकतो. वाजला असणार फोन."

"पण तू तर म्हणत होतास..."

"म्हणत होतो. विगदिसपण म्हणते, तू जागाच होतास, माझ्यासमोर बसून शब्दकोडं सोडवत होतास. पण फोन चालतो हे मी डोळ्यांनी बघितलं ना? म्हणजे उचलला नाही, वर पुसलाही, आणि मला त्यातलं काही आठवत नाही." तो टोपी चुरगळत राहिला. "माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, शेटिल. आधी छोट्या गोष्टी. मग एके दिवशी आईलाच म्हणाले, तुम्ही कोण. मंगळवारी डॉक्टरकडे जायचंय."

 मी यादी उघडली आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"ही ओळ बघ. टाक्यांचा निरोप हिच्यातूनच जातो. शेजारी आकडा आहे, किती वेळा गेला त्याचा."

"एक," त्यानं वाचलं. "हा कुठला?"

"सोमवारचा. सगळ्यांसमोर वाजला तो."

"आणि रविवारचा?"

"रविवारी ही ओळ नव्हती. मी काढली होती. सोमवारी तुम्ही तपासायच्या आधी गुपचूप परत घातली."

त्यानं बोट ठेवून तो आकडा पुन्हा वाचला. ओरडेल असं वाटलं होतं, मारेल असंही वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं खिशातून फोन काढला आणि घरचा नंबर लावला.

मी उठून गुन्वोरच्या खोलीकडे निघालो. मागून त्याचा आवाज येत होता.

"विगदिस, डॉक्टरांना नको म्हणून कळव. मी जागाच होतो गं."