आत सोडलेलं कापड

गोरखपूरच्या बाजारात शकुचं मशीन बांगड्यांच्या दुकानावरच्या खोलीत. हेमलता कपडे शिवायला टाकायला आली की जिन्यात अर्ध्यावर दम खायला थांबते, आणि शकु वरूनच म्हणते, "या वहिनी, पंखा लावला." त्या दिवशी ती थांबली नाही. शकुनं तेव्हाच ओळखलं, बाईच्या डोक्यात काहीतरी नवीन शिरलं.

पिशवीतून वांगी रंगाचं रेशीम निघालं. हेमलताच्या आईच्या लग्नातल्या साडीचा एवढाच तुकडा धड उरला होता, बाकी साडी घड्यांवर फाटून गेलेली. एकवीस दिवसांनी मुलाचा, आल्हादचा, साखरपुडा नागपूरला. तेव्हा आईच्या रेशमाचा ब्लाउज अंगात पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

"अडतीसचा शिव."

शकुनं टेप फिरवली. "हे बेचाळीस आहे."

"आज आहे. कालपासून कोबीचं सूप चालू केलं. सकाळ-संध्याकाळ तेच. मोबाइलच्या ग्रुपवरची दीदी म्हणते, तीन हप्त्यांत चार इंच, गॅरंटी. आणि आतलं जास्तीचं कापड कापून टाक. परतीचा रस्ताच नको मले."

शकुचं डोकं सटकलं. तिनं मापाची वही उघडली. "ऐका. पपई खाल्ली तेव्हा चाळीसचे छत्तीस झाले, मग एक्केचाळीस. डब्यातलं पावडर प्यायल्या तेव्हा एक्केचाळीसचे अडतीस, मग बेचाळीस. हे माझं अक्षर आहे, दीदीचं नाही."

"तुले शिवायचं आहे, का मी दीक्षितपुऱ्यातल्या मास्टरकडे जाऊ?"

मास्टर सांगितलं तेवढं कापून मोकळा होतो. शकुनं वही मिटली. म्हणाली, "ठेवा."

चार दिवसांनी हेमलता ब्लाउज न्यायला आली. टोपलीत वांगी चिंध्या पडल्या होत्या.

"कापलं?"

"कापलं."

चिंध्या अस्तराच्या होत्या. रेशीम बोटभरही कमी झालं नव्हतं. बाजूच्या शिवणींत, अस्तराच्या पोटात दुमडून पडलं होतं.

सूप नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी हेमलतानं ऑफिसात दोन फायली भलत्याच साहेबाकडे पाठवल्या, घरी येऊन नवऱ्यावर विनाकारण डाफरली आणि संध्याकाळी दुकानापुढे उभ्या उभ्या अर्धा किलो खोव्याची जलेबी संपवली.

विसाव्या दिवशी दुपारी ती जिन्यात अर्ध्यावर थांबली. शकुनं पंखा लावला.

हुकांमध्ये चार बोटं अंतर राहत होतं. हेमलता रडली नाही. नुसती म्हणाली, "आईचा तुकडा मीच कापवला."

शकुनं ब्लाउज उलटा केला आणि ब्लेडनं टीप उसवायला घेतली. अस्तराखालून रेशीम बाहेर आलं. हेमलता बघत राहिली.

"खोटारडी आहेस."

"हव."

"आता मी काय करू, ते तरी सांग."

"मी शिंपीण आहे, डॉक्टर नाही. पण या वहीत एकच बाई आहे, जिचं माप उतरल्यावर पुन्हा चढलं नाही. सुखदा मॅडम. दोन वर्षं लागली तिले. काय खाता विचारलं तर म्हणे सगळंच. फक्त दुसऱ्यांदा वाढून घेत नाही, आणि शाळेत पायी जाते."

"बस, एवढंच?"

"एवढंच. म्हणून तर तिचा ग्रुप नाही."

साखरपुड्यात नणंद म्हणाली, "भरलीस गं." हेमलता "हो" म्हणाली आणि होणाऱ्या सुनेजवळ, नेहाजवळ, जाऊन बसली.

नागपूरहून आल्यावर ती सिविल लाइंसच्या ऑफिसातून घरी पायी यायला लागली. जाताना ऑटोच. रात्री चार पोळ्यांच्या तीन झाल्या, पुढे अडीच. जलेबी रविवारी, एक, बसून. कधी महिना महिना टेप हलायची नाही. पावसाळ्यात अर्धा इंच उलट वाढला. मग ती कोबीचं नाव काढायची, आणि शकु वही पुढे सरकवायची.

पुढच्या वर्षी लग्नाआधी ब्लाउज परत आला. माप निघालं चाळीस. अडतीस नाही. जिन्यात मात्र ती थांबली नव्हती. शकुनं आतून नवी टीप मारली आणि कैची उचलली.

"आता खरंच कापू का? शिवण जाड लागून राहिली."

"राहू दे. नेहा माझ्याहून दीड इंच जास्त आहे. तिले कधी घालावासा वाटला तर." हेमलतानं ब्लाउज पिशवीत ठेवला. "आणि ती मापाला आली, तर तिच्यासमोर वही उघडू नको. पोरीचं लग्न आहे, जेवू दे."