ढमीचं खाणं

ढमी मांजर सात किलोंची झाली, तेव्हा डॉक्टरांनी कोरडे दाणे बंद करायला सांगितले. घरीच शिवणकाम करणाऱ्या ताईंनी दुकानात तासभर डबे वाचून कमी चरबीचं ओलं खाणं निवडलं आणि त्या ते काट्यावर मोजून वाढू लागल्या. महिन्याभरात ढमी पाव किलोने वाढली.

"घरात आणखी कोणी खायला घालतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

त्या दुपारी मशीन थांबवून ताई स्वयंपाकघरात डोकावल्या. त्यांचे म्हातारे बाबा नवा डबा उघडत होते.

"बाबा, तिचं आत्ताच झालंय. तुम्हीच दिलंत."

"मी कधी दिलं? सकाळपासून उपाशी आहे बिचारी."

ताईंनी डबे कपाटात घालून कुलूप लावलं. मग बाबा आपल्या ताटातलं मटण ढमीला घालून अर्धपोटी उठू लागले. त्यांचे सैल झालेले सदरे ताईंना दोनदा आत घ्यावे लागले.

शेवटी ताईंनी कुलूप काढलं. "द्या बाबा. पण आधी तुम्ही जेवा."

बाबा पोटभर जेवले आणि त्यांनी बशी काठोकाठ भरली. ती चाटूनपुसून ढमी त्यांच्या मांडीवर चढायला गेली, पण तिला चढता येईना.