उलटा बसलेला चेहरा

बायको गेली तेव्हा पेंटरने एकच ध्यास घेतला, तिचा चेहरा विसरायचा नाही. तिच्या एका फोटोची फिल्म काढली, ती छपाईच्या जाळीवर उतरवली, मूळ फोटो बघवेना म्हणून कपाटात टाकला आणि दोन वर्षं जिवाचं रान करून तोच चेहरा छापत राहिला. गुलाबी गाल, हिरवे ओठ, निळे केस. आता गॅलरीच्या चारही भिंतींवर तीच होती. नाकाने कांदे सोलणारी मंडळी हातात ग्लास धरून 'पॉप आर्ट, पॉप आर्ट' करत होती, आणि ज्यांना ओ की ठो कळलं नव्हतं ती सगळ्यांत जोरात माना डोलावत होती. पेंटरला त्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. त्याचे डोळे दाराकडे लागले होते. सासूबाईंनी एकदा "हो, हीच माझी पोर" म्हटलं की तो सुटला असता.

सासूबाई आल्या. एकेका चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"रंग छान आहेत हो," त्या म्हणाल्या. "पण ही कोण?"

"असं काय करता आई? आपलीच आहे ना."

"तिचा तीळ डाव्या गालावर होता. भांगसुद्धा या बाजूने नव्हती पाडत ती."

पेंटर हसायला गेला, तेवढ्यात त्याची नजर चित्रातल्या उजव्या गालावरच्या तिळावर गेली. फिल्म जाळीवर पालथी लागली होती. नवशिक्यानेही करू नये अशी चूक. आरशात दिसावा तसा उलटा चेहरा त्याने दोन वर्षं छापला होता. छपाई काय, पुन्हा करता आली असती. पण इतक्या दिवसांत त्याला एकदाही काही खटकलं नव्हतं, याने तो हादरला.

सासूबाईंनी मोबाइलवरचा फोटो त्याच्यापुढे धरला. "ही बघा. ही."

फोटोतली बाई हसत होती. कुठल्याशा लग्नात भेटलेल्या बाईइतकीच ती त्याच्या ओळखीची वाटली. आता भरून येईल म्हणून तो थांबला. काही आलं नाही. मग त्याने भिंतीकडे पाहिलं, आणि त्या हिरव्या ओठांकडे बघून त्याला भरून आलं.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "मला आता तुमच्या फोटोतलीच उलटी वाटते."

सासूबाईंनी मोबाइल पर्समध्ये ठेवला.

"म्हणजे तिला ओळखणारी आता मी एकटीच उरले," त्या म्हणाल्या.