तीसच्या आत

वीज चमकताच अक्कांनी अंगठा करंगळीच्या पेरावर टेकवला आणि मोजायला सुरुवात केली.

“एक... दोन... तीन...”

आवाज न चढवता, घाई न करता, लहान मुलांकडून पाढे म्हणवून घ्यावेत तशा लयीत. शेजारच्या बाकावर सून बसली होती. मिठाच्या खड्याने तिचा तळपाय कापला होता, जखम चिघळली होती, म्हणून आज ती वाफ्यांवर गेली नव्हती. लग्नानंतरच्या सात उन्हाळ्यांत ती मोजणीच्या वेळी या छपराखाली पहिल्यांदाच बसत होती.

हवा जागची हलत नव्हती. घाम यायचा आणि अंगावरच राहायचा. समोर मिठागराचे पांढरे चौकोनी वाफे थेट क्षितिजापर्यंत गेले होते आणि त्यांत नऊ बायका लांब दांड्याची दाताळी ओढत मीठ गोळा करत होत्या. त्यांच्यापलीकडे आभाळाचा तळ जांभळा पडला होता.

या दिवसांत रोज दुपारी असंच होई. सकाळभर ऊन तापायचं, दोनच्या सुमाराला ढग जमायचे आणि मग चारी बाजूंनी गडगडाट सुरू व्हायचा. त्यातला प्रत्येक ढग काही डोक्यावर येत नसे. पूर्वी एकजण घाबरून पळाली की बाकीच्या पळायच्या, आणि उघड्यावर राहिलेलं मीठ एका सरीत विरघळून जायचं. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, भ्यायचं काम एकाच माणसाकडे द्यायचं. ते माणूस छपरात बसेल, वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत आकडे मोजेल. तीसच्या आत आवाज आला की टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारील. टोला पडेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही, आणि पडल्यावर कोणी थांबायचं नाही. बावीस वर्षं ते माणूस म्हणजे अक्का होत्या.

“दहा... अकरा... बारा...”

ढग गरजला. जड पेटी कोणी फरशीवरून ओढत न्यावी तसा आवाज वाफ्यांवरून आला आणि छपराच्या पत्र्यात शिरला. सुनेने हातोड्याकडे पाहिलं.

“तेरा... चौदा...” अक्का म्हणाल्या.

सून थांबली. कदाचित दुसरी वीज मोजत असतील. कदाचित यात काही खुबी असेल, आपल्याला न कळणारी. अक्कांचा अंगठा अनामिकेवरून मधल्या बोटावर, मधल्यावरून तर्जनीवर गेला.

“चोवीस... पंचवीस...”

“अक्का.”

“मोजताना बोलू नये गं. सव्वीस...”

आभाळ पुन्हा उजळलं. या वेळी सुनेने मनात मोजलं. नऊ. आवाज इतका स्पष्ट होता की बाकाची फळी तिच्या मांडीखाली थरथरली. वाफ्यांतल्या दोन बायकांनी माना वर करून छपराकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या.

“छत्तीस,” अक्का म्हणाल्या आणि समाधानाने हात मांडीवर ठेवला. “लांब आहे अजून. उगाच चमकतो आहे मेला.”

सून लंगडत उठली. अक्कांच्या पायाशी ठेवलेला हातोडा तिने उचलला आणि रुळावर घातला. एकदा, दोनदा, पाच वेळा.

“अगं! शुद्धीवर आहेस ना? छत्तीस झाले होते!”

“बाराला गरजला, अक्का.”

“काहीतरीच.”

“आणि नंतरचा नवाला.”

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, एखाद्या अनोळखी बाईने आपल्या घराचा पत्ता चुकीचा सांगावा तसं. मग बांधाच्या टोकाशी वीज कोसळली. हा आवाज त्यांना ऐकू आला. त्यांनी पत्र्याकडे बघितलं, आणि नंतर बराच वेळ स्वतःच्या पेरांकडे.

बायका भिजून धापा टाकत आत आल्या. सगळ्यांत पुढे टकळी होती. तिचं खरं नाव तिच्या आईलाही आठवत नसेल, इतकी तिची जीभ चालायची.

“आज काय विशेष, अक्का? हात वेळेवर उठला!”

“गप गं,” मागून कोणीतरी म्हणालं.

“का गप? आठ दिवस ढग डोक्यावर घेऊन मीठ ओढतोय आपण. परवा माझ्या डोक्यावरचे केस उभे राहिले होते, उभे! घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, तुझ्याच बडबडीने राहिले असतील.” ती हसली. बाकीच्या हसल्या नाहीत. “मुकादमाने चार राशी जास्त मागितल्या असतील. सांगायचं तरी आम्हाला.”

सुनेने अक्कांकडे पाहिलं.

“हो,” अक्का म्हणाल्या. “मुकादम मागे लागला होता. मीच ऐकलं त्याचं. चुकलं माझं.”

टकळीचं हसू मावळलं. बाई लोभाने असं करेल, हे ती थट्टेत म्हणाली होती; ते खरं निघेल असं तिला वाटलं नव्हतं. ती पाठ फिरवून डोक्याचा रुमाल पिळत राहिली. त्या दुपारी अक्कांशी पुन्हा कोणी बोललं नाही.

सकाळी सून जागी झाली तेव्हा अक्का दाराशी सुनेच्या दाताळ्याचा दांडा पुसत होत्या.

“तुझ्या जागेवर मी जाते. तू बस छपरात.”

“या वयात?”

“दाताळं वय विचारत नाही. एक हात कमी पडला की राशी उरतात उघड्यावर. आणि मोजायला आता तूच बरी.”

तेवढंच त्या बोलणार होत्या, हे सुनेला कळलं.

“अक्का, पण तिथून तुम्हाला टोला...”

“टोल्याचं काय?”

त्यांनी मान ताठ केली होती. सासू म्हणून नव्हे. बावीस वर्षांत एकही बाई न गमावलेलं माणूस म्हणून.

“काही नाही. जवळचा वाफा घ्या,” सून म्हणाली.

“बघते. बाकीच्या उठल्या की उठेनच की मी. डोळे आहेत मला.”

पण त्या दिवशी जवळचे वाफे कोणी अक्कांसाठी सोडले नाहीत. ज्या बाईने राशींसाठी आपल्याला विजेखाली ठेवलं, तिला जागा कोण देणार? अक्काही बांधावरून चालत गेल्या, शेवटच्या वाफ्यापर्यंत. छपरातून त्या बोटाएवढ्या दिसत होत्या.

ढग आज लवकर आले. दीड वाजता उजेड पिवळा पडला आणि पाण्यावरचे पक्षी एकदम उठून गेले. पहिली वीज अठ्ठावीसवर गरजली. सून उठली आणि तिने टोले दिले, जोरात, मोजून पाच.

नऊ माना वर झाल्या. नऊ दाताळी खाली पडली. बायका बांधावरून पळू लागल्या.

शेवटच्या वाफ्यात अक्का मीठ ओढत होत्या. दाताळं ओढणारा माणूस मागे मागे सरकत जातो. त्यांची पाठ बाकीच्यांकडे होती आणि तोंड ढगाकडे.

सुनेने पुन्हा टोले दिले. मग मोजणं सोडून नुसतेच देत राहिली. “अक्का!” ती ओरडली, आणि ओरडतानाच तिला त्याचा निरर्थकपणा कळला. ती छपराबाहेर पळाली, दहा पावलांवर पाय दुमडला, ती गुडघ्यांवर आली.

टकळी अर्ध्या बांधापर्यंत पोचली होती. पडलेल्या सुनेला पाहून ती थबकली. मग सून जिकडे बघत होती तिकडे तिने मान वळवली. वाकलेली, संथ, स्वतःशी काही मोजत असल्यासारखी ती आकृती तिने क्षणभर पाहिली. तिचा हात तोंडावर गेला.

“देवा,” ती म्हणाली असावी. मग ती उलटी धावली.

वीज पडली. सहा. पुढची चार. टकळी वाफ्यात उतरली, पुढे जाऊन अक्कांच्या समोर उभी राहिली. अक्कांनी वर पाहिलं. दोघी एकमेकींशी काही बोलल्या की नाही, इतक्या लांबून कळलं नाही. टकळीने त्यांच्या हातातलं दाताळं सोडवलं आणि त्यांचं मनगट धरलं. तेवढ्यात पाऊस आडवा आला आणि सगळे वाफे पुसले गेले. समोर नुसतं पांढरं.

सून लंगडत छपरात परतली. आठजणी पत्र्याखाली एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

“कधीपासून?” एकीने कानाकडे बोट नेत हळूच विचारलं.

सुनेने हातोडा उचलला आणि रुळावर मारायला सुरुवात केली, न थांबता. बांध कुठे आहे, छप्पर कुठे आहे, हे टकळीला तरी कळलं पाहिजे. तिचा खांदा भरून आला तेव्हा दुसरीने हातोडा घेतला, मग तिसरीने. पावसाकडे सगळ्यांचे डोळे लागले होते, आणि त्यातून अजून कोणीच येत नव्हतं.