उलायूची सात वर्षांची आई

घरात एक माणूस खोकायला लागलं की बाकीचे सगळे डॉक्टर होतात. उलायूच्या मागे तर तिची आईच लागली होती.

"पोरी, तू परत खोकलीस."

"चहा भलत्या नळीत गेला गं, आई."

"चहा अजून किटलीतच आहे."

उलायू सत्तरीला टेकलेली. आई सात वर्षांची. आईचे पुढचे दोन दात पडले होते आणि तिला अजून बुटांच्या नाड्या बांधता येत नव्हत्या. उलायूची जन्मदाती अकिनिसी क्षयाने गेली. पुढे नात झाली, तिला अकिनिसी नाव ठेवलं आणि नावाबरोबर आईही घरी परत आली. बर्फाळ उत्तरेतल्या त्या गावात असं घरोघरी होतं. कुणाचा आजोबा दुपट्यात होता, कुणाची मावशी बालवाडीत.

नवल वाटलं ते डॉक्टर लॉरां यांना. ते मॉन्ट्रियलहून क्षयाचं संशोधन करायला आले होते. घरातली मंडळी जमिनीवर पुठ्ठा पसरून गोठलेलं हरणाचं मांस कापून खात होती, आणि डॉक्टर एकटेच खुर्चीवर बसले होते. दुभाषी म्हणून उलायूची सून सिआसी होती. ती दवाखान्यात हेच काम करायची.

"आजी, तुमच्या घरात क्षय कुणाला झाला होता?"

"आईला. मी लहान होते. जहाज आलं, सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले आणि आईला खाली उतरूच दिलं नाही. तसंच दक्षिणेला नेलं. 'कळवतो' म्हणाले. कुठे पुरलं तेही कुणी कळवलं नाही."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "फार वाईट झालं, आजी."

"आता बरी आहे. कालच गणिताची परीक्षा दिली तिने."

डॉक्टरांनी सिआसीकडे पाहिलं.

"माझी मुलगी," सिआसी म्हणाली, "म्हणजे माझी आजेसासू. गणितात जरा कच्ची आहे."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी त्यांनी थुंकीची डबी पुढे केली. "तपासायला नेऊ ना?"

उलायूने नाक मुरडलं. डॉक्टरांना वाटलं, आपल्या मोज्यांचा वास येतोय. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"त्या नाही म्हणतात," सिआसी म्हणाली.

"पण का?"

"माझं रक्त माझ्यापेक्षा जास्त फिरलंय, बाबा," उलायू म्हणाली. "एकदा त्यात लोह आहे का बघायला नेलं, एकदा पारा बघायला. एकदा कशाला नेलं, ते नेणाऱ्यालाच सांगता आलं नाही. गेलं ते गेलं! साधी ख्यालीखुशालीसुद्धा नाही."

"पण आजी, आमचे अहवाल छापून येतात. सगळ्या जगाला वाचता येतात."

"जगाला खोकला झालाय का?"

सिआसी कळवळून म्हणाली, "सासूबाई, अकिनिसी रात्री तुमच्याच कुशीत झोपते. खरंच क्षय असला, तर तिलाही होईल!"

उलायूने हातातली सुरी खाली ठेवली. तिला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? पण डबी पाहिली की तिला ते जहाज दिसे.

एवढ्यात आई शाळेतून आली. दप्तर फेकून तिने एक तुकडा तोंडात टाकला. "पोरी, दिलीस का थुंकी?"

"भीती वाटते गं, आई."

"जहाजाची?" अकिनिसीने मांस चावून संपवलं. "मी गेले होते ना जहाजाने? आले की नाही परत?"

"आलीस," उलायू म्हणाली, "पण फार वर्षं लावलीस, आई."

सिआसीने हेही भाषांतर केलं. डॉक्टर हळूच खुर्चीवरून उतरून पुठ्ठ्याशी येऊन बसले.

"आजी, आता जहाज नाही. गोळ्या इथेच, घरात मिळतात. आणि जे निघेल ते आधी तुम्हाला सांगेन, जगाला नंतर. सगळं संशोधन पुरं झालं की मी स्वतः येऊन गावापुढे मांडेन."

"तू लवकर ये हं," अकिनिसीने बजावलं. "माझ्यासारखा उशीर करू नकोस."

उलायूने भुवया उंचावल्या. डॉक्टर उत्तराची वाट पाहत राहिले.

"अरे, हो म्हणाली की ती!" अकिनिसी ओरडली. "भुवया दिसत नाहीत का तुला?"

क्षयच निघाला. पण निकाल हाती येताच डॉक्टरांनी पहिला फोन उलायूला केला, आपल्या साहेबांना नंतर. उलायूच्या गोळ्या सुरू झाल्या. अकिनिसीलाही बाधा होऊ नये म्हणून औषध मिळालं. आई रोज लेकीला "आ" करायला लावून गोळी गिळल्याची खात्री करी. मग लेक आईला "आ" करायला लावी.

उन्हाळ्यात समुद्रावरचं बर्फ फुटल्यावर डॉक्टर खरंच आले. गावाच्या सभागृहात जमिनीवर बसून, छापण्याआधी, सगळं सांगितलं. लोकांनी चहा संपेपर्यंत प्रश्न विचारले. उलायू म्हणाली, "एकेका घरात तीन-तीन कुटुंबं कोंबली, तर खोकल्याने जायचं तरी कुठे? हे पण लिही." डॉक्टरांनी लिहिलं. आधी येऊन गेलेल्या संशोधकांनी ते का लिहिलं नव्हतं? कारण त्यांनी छापण्याआधी कुणाला विचारलंच नव्हतं!

वाचकहो, कुणाच्या दारातून आपण काही नेतो, मग तो रक्ताचा थेंब असो की त्याच्या घरची गोष्ट. त्यातून काय निघालं, हे सांगायला आधी त्याच दारी परत गेलं पाहिजे. जग थोडं थांबेल; खोकणारं माणूस थांबत नाही.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "आजी, तुमच्या आईची तब्येत कशी आहे?"

"छान आहे," उलायू म्हणाली. "पुढचे दोन दात येतायत."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या.