झाकणाची आतली बाजू

माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मी एक सामानाची पेटी बोलतेय. प्लायवुडची, कोपऱ्यांना पत्रा मारलेली, माणूस आडवा मावेल एवढी लांब. जर्मनीतल्या ब्रिटिश छावणीत एका सुताराने मला गालिचे न्यायला बनवलं. दर दोन वर्षांनी बदली आली की भरायचं आणि नव्या घरी रिकामं व्हायचं, एवढंच माझं आयुष्य.

माझा मालक रॉड्रिक पेनहॅलो तेव्हा कॅप्टन होता. घरात बायको मॅरियन आणि तीन वर्षांची हेटी.

सरकारी घर सोडताना तपासनीस येतो, भिंतींवरून बोट फिरवतो. पेन्सिलची एक रेघही त्याला खपत नाही. म्हणून हेटीची उंची मोजायला रॉड्रिकने माझं झाकण भिंतीला उभं केलं.

"टाचा टेकव," तो म्हणाला. "फसवायचं नाही."

रेघ पडली. मग मॅरियनने स्टुलावर चढून त्याचीही रेघ मारली.

"बघ, एवढं व्हायचंय तुला," तो लेकीला म्हणाला. हेटीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं, आपली रेघ डॅडीनेच मारायची, दुसऱ्या कुणी नाही.

पाचव्या वर्षी दुसरी रेघ पडली. तो मेजर झाला होता.

हेटी आठ वर्षांची झाली आणि बोर्डिंग शाळा ठरली. अधिकाऱ्यांची मुलं जातातच. मॅरियन मोज्यांवर नावाच्या पट्ट्या शिवत बसली. एक पट्टी तिने तीनदा उसवली, काही चुकलेलं नसताना. निघायच्या आदल्या दिवशी झाकण उभं करून ठेवलं होतं. रॉड्रिक आता बटालियनचा प्रमुख होता, उत्तर आयर्लंडात बेलफास्टला, दंगलींच्या बंदोबस्तावर. येतो म्हणाला होता. दुपारी फोन आला.

"मी मारते रेघ," मॅरियन म्हणाली.

"नको. डॅडी आल्यावर."

"अगं, तोवर तू वाढशील."

"मग नाही वाढणार."

त्या दिवशी त्याचा एक जवान मारला गेला होता. त्या पोराच्या आईला पत्र लिहायला रॉड्रिक थांबला. मला हे उशिरा कळलं, आणि तेव्हापासून दोष कुणाला द्यावा ते मला ठरवता आलेलं नाही. पेटीने असलं मनाला लावून घेऊ नये, हेही खरं.

पुढे तो ब्रिगेडियर झाला, मग मेजर जनरल. सायप्रस, लंडन, पुन्हा जर्मनी, जिथे रशियन फौजा कधीही चाल करून येतील म्हणून सदा सज्ज राहायचं. जवानांच्या मुलांची नावंसुद्धा त्याला पाठ असायची. हेटी सुट्टीला आली की तो कुठेतरी असायचा, आणि तो आला की तिची शाळा सुरू झालेली.

"जनरलसाहेब, आज घरी जेवणार, की आजही रशियन येतायत?" मॅरियन विचारायची. तो हसायचा. पुढे पुढे तिने विचारणं सोडलं. आता ती जाऊनही सहा वर्षं झाली.

आज विल्टशायरमधलं हे शेवटचं घर रिकामं होतंय. रॉड्रिक ब्याऐंशीचा आहे. जुन्या सैनिकांच्या आश्रमात त्याला एक खोली मिळालीय. तिथे एक कपाट मावतं, मी नाही. सामान आवरायला हेटी आलीय, गुडघ्याला पट्टा बांधून.

सकाळी त्याने माझं झाकण भिंतीला लावलं आणि खिशातून पेन्सिल काढली.

"हेटी, उभी राहा बघू."

तिने त्या दोन रेघा पाहिल्या. "डॅडी, माझी वाढ सोळाव्या वर्षीच थांबली."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. एक खोकं उचलून ती गाडीकडे गेली.

मग तो स्वतःच झाकणाला पाठ लावून उभा राहिला. हात डोक्यामागे नेऊन रेघ मारायला गेला, ती तिरकी घसरली. पुन्हा मारली, तीही घसरली.

हेटी दारात येऊन बघत होती. तिने त्याच्या हातातली पेन्सिल घेतली.

"टाचा टेकव, डॅडी. फसवायचं नाही."

नवी रेघ त्याच्या जुन्या रेघेपेक्षा चार बोटं खाली आली. दोघांनीही ती पाहिली.

उद्या भंगारवाला मला घेऊन जाईल. माझ्या फळ्या करा, फडताळं करा, नाहीतर जळण करा, माझी तक्रार नाही. फक्त त्याआधी झाकणाची आतली बाजू एकदा बघा. खाली दोन रेघा आहेत, वर म्हाताऱ्याच्या. मधलं लाकूड कोरं आहे. हेटी तिथेच वाढली.